तलवारीच्या पाठीमागें धान्याची कणगी

(गांवच्या शाळेच्या पटांगणांत शेतकरी व कारागीर मंडळींपुढें एका शिक्षकानें दिलेलें व्याख्यान.)



आजचा आमचा विषय ऐकून कित्येकांना नवल वाटलें असेल. देशाचें संरक्षण हा विषय दिल्लीच्या कचेऱ्यांतला. नांगर, ऐरण, माग आणि चाक चालविणाऱ्यांनीं त्यांत काय बोलावें, असें कोणी म्हणेल. त्यांना आमचें उत्तर सरळ आहे. सरहद्दीवर रात्रीचा पहारा करतो तो मुलगा कोणाचा? बहुतकरून आपल्याच सारख्या घरांतला. त्याच्या ताटांतली भाकरी कोणी पिकविली? आपण. त्याच्या बंदुकीचा पैसा कोठून आला? आपण जें विकत घेतों, त्यांतल्या पुष्कळ वस्तूंवरच्या करांतून. ज्या कारभारांत आपलें लेकरूं, आपलें धान्य आणि आपला पैसा हीं तिन्ही गुंतलीं आहेत, त्याचा विचार मात्र दुसऱ्यांनीं करावा आणि आपण नुसता जयघोष करावा, हा कोठला न्याय?

शाळेंत इतिहास शिकवितांना आम्हांला एक गोष्ट नेहमीं खटकते. मुलांना लढायांचे सन पाठ असतात, सेनापतींचीं नांवें पाठ असतात. परंतु त्या दिवशीं शिपाई जेवला होता काय? त्याच्या पायांत काय होतें? शत्रूची बातमी कोणी आणली? आणि ती वरच्यांनीं ऐकली काय? हे चार प्रश्न कोणी विचारीत नाहीं. आज आम्ही तेवढेच चार प्रश्न घेऊन जुन्या-नव्या लढायांकडे पाहणार आहों.

पहिला दाखला छत्रपति शिवाजी महाराजांचा. १६७३ च्या सुमारास महाराजांच्या घोडदळाची छावणी चिपळूणजवळ होती. तेथील जुमलेदार, हवालदार व कारकून यांना महाराजांनीं एक पत्र पाठविलें. तें आज उपलब्ध आहे. त्यांत शौर्याचा एक शब्द नाहीं. सगळें पत्र दाणागोटा, गवत आणि दिव्याची वात यांवर आहे! पावसाळ्यासाठीं सांठविलेलें धान्य व गवत आतांच उधळाल तर ऐन पावसांत घोडीं उपाशीं मरतील, असें महाराज बजावतात. मग तुम्ही कुणब्याच्या घरीं जाल. कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी लाकूडफांटा, कोणी भाजीपाला. असें झालें म्हणजे जीव धरून राहिलेला कुणबीही परागंदा होईल, आणि यांच्यापेक्षां मोगल बरे असें रयत म्हणूं लागेल. पुढें तर महाराज छावणीच्या चुलीपर्यंत येतात. गंजीजवळ विस्तव करूं नका, चिलीम ओढतांना ठिणगी पडूं देऊं नका, रात्रीं दिवा जळता ठेवूं नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवत जळून जाईल, इतका बारीक इशारा त्यांत आहे.

मंडळी, ज्या राजानें अफजलखानाला धूळ चारली त्याला उंदराची काळजी कां पडावी? कारण गवताची गंजी जळाली तर घोडा मरतो, घोडा मेला तर स्वार पायउतार होतो, आणि रयत विटली तर राज्य उभें राहत नाहीं, हें त्यांना पक्कें ठाऊक होतें. कुणब्याच्या भाजीच्या देंठापर्यंत राज्याचें संरक्षण येऊन पोंचतें, हा पहिला धडा.

आतां दुसरा दाखला. तो दुःखाचा आहे, आणि महाराष्ट्रांत असें घराणें थोडें कीं ज्याच्या कानावर तो गेला नाहीं. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजीं झाली असें पुस्तक सांगतें. आम्ही म्हणतों, ती लढाई त्याच्या कित्येक महिने आधींच चुलीपुढें हरली होती.

१७६० च्या वसंतांत सदाशिवरावभाऊ मोठी फौज घेऊन उत्तरेकडे निघाले. बरोबर इब्राहिमखान गारदी याचा नामी तोफखाना होता. पण फौजेबरोबर बायकामुलें, यात्रेकरू, बाजारबुणगे यांचा एवढा लोंढा होता कीं खाणारीं तोंडें लढणाऱ्या हातांहून अधिक झालीं. जड सामान व कुटुंबें मागें सुरक्षित जागीं ठेवा आणि सडे होऊन गनिमी काव्यानें लढा, असा सल्ला जाटांचा राजा सुरजमल यानें दिल्याचें नमूद आहे. तो मानला गेला नाहीं आणि सुरजमल निघून गेला. रजपूत राजांकडून तर मागें वर्षानुवर्षें खंडण्या वसूल केलेल्या. ते मदतीला कशाला येतील? दिल्ली हातीं आली, पण तिजोरी रिकामी. शिपायांच्या पगारासाठीं बादशाही दिवाणखान्याचें रुप्याचें छत उतरवून त्याचे रुपये पाडावे लागले. आडांतच नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार?

ऑक्टोबरांत भाऊंनीं कुंजपुरा घेतला. तेथें अब्दालीसाठीं सांठविलेलें धान्य हातीं आलें. सगळ्यांना हायसें वाटलें. पण त्याच महिन्याच्या अखेरीस, यमुनेला पाणी आहे तोंवर शत्रू पलीकडेच राहणार या भरंवशावर आपण असतां, अब्दालीनें बागपतजवळ उतार शोधून नदी ओलांडली. उतारावर पुरेसा पहारा नव्हता आणि बातमी वेळेवर आली नाहीं. अब्दाली आपली फौज आणि दिल्ली यांच्या मध्यें येऊन बसला. घराकडचा रस्ता बंद, धान्याचा रस्ता बंद! अब्दालीला मात्र नजीबखान रोहिल्याच्या मुलखांतून दाणागोटा मिळत राहिला. गोविंदपंत बुंदेले यांनीं दुआबांत शिरून ती रसद कांहीं दिवस तोडली. डिसेंबरांत तेही मारले गेले.

पुढचे दिवस कसे गेले असतील याची कल्पना आमच्या भगिनींना अधिक येईल. घरांत दहा माणसें आणि कणगींत शेवटचा शेर, तशी स्थिति दोन महिने लाखों जीवांची. बैल मेले, घोडे मेले, छावणींत दुर्गंधि सुटली. शेवटीं शिपाई भाऊंपुढें येऊन म्हणाले कीं दोन दिवस पोटांत अन्न नाहीं. उपाशीं मरण्यापेक्षां लढून मरूं द्या. संक्रांतीच्या सुमारास, आपल्या घरीं तिळगूळ वांटतात त्या दिवसांत, ते उपाशीं पोटीं बाहेर पडले. आणि तशाही स्थितींत दुपारपर्यंत त्यांनीं अब्दालीची फळी मोडीत आणली होती. अब्दालीनें मागें राखलेली ताजी फौज पुढें घातली, विश्वासराव गोळी लागून पडले आणि डाव फिरला. शौर्य कमी पडलें असें म्हणण्याची कोणाची छाती आहे? कमी पडलें तें पीठ. कमी पडली ती बातमी. कमी पडले ते शेजारचे मित्र.

त्या रणांतली एक हकीकत सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. महादजी शिंदे पायाला जबर जखम होऊन पडले होते. त्यांना उचलून सुरक्षित आणलें तें राणेखान नांवाच्या एका भिस्त्यानें, पखालीनें पाणी वाहणाऱ्या गरिबानें. महादजींनीं त्याला जन्मभर भाऊ मानलें व पुढें सरदारकी दिली. याच महादजींनीं १७७१ सालीं दिल्लीवर पुन्हां मराठ्यांचा अंमल बसविला. म्हणजे पानिपतानंतर मराठी सत्तेनें उत्तरेंत जी मान वर काढली, तिच्या मुळाशीं एका पाणक्याचे हात आहेत. आणि तरीही जन्म पाहून शिपाई निवडण्याची खोड पुढें इंग्रजांनीं केली! ज्या महार जवानांच्या बळावर त्यांनीं लढाया मारल्या, त्यांची भरती १८९० नंतरच्या सुमारास बंद केली. गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांनीं अर्जांमागून अर्ज केले. अखेर दुसऱ्या महायुद्धांत माणसांची गरज पडली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं आवाज उठविला, आणि १९४१ सालीं महार रेजिमेंट उभी राहिली. अडचणींत आठवण व्हायची आणि अडचण सरली कीं विसर पडायचा, हें संरक्षणाचें धोरण नव्हे.

आतां आपल्या स्वराज्यांतला दाखला घेऊं. पानिपतला दोनशें वर्षें झालीं आणि १९६२ सालीं तीच रिकामी कणगी हिमालयांत पुन्हां दिसली.

ईशान्येकडे थागला नांवाची डोंगराची धार आहे. तिच्या पायथ्याशीं नामका चू ही नदी वाहते. १९६२ च्या उन्हाळ्यांत तेथें आपलें एक ठाणें बसविलें, आणि सप्टेंबरांत चिनी सैन्य त्यावर चालून आल्यावर त्यांना हांकून लावण्याचा हुकूम सुटला. ब्रिगेडियर दळवी यांची तुकडी तेथें पाठविली. मोटारीचा रस्ता कित्येक मजला मागेंच संपलेला. पुढें उंच खिंडी ओलांडून पायीं जायचें. धान्य, दारूगोळा सारा विमानांतून टाकावा लागे, आणि त्यांतला बराचसा दऱ्याखोऱ्यांत गडप होई. पलीकडे चिन्यांनीं रस्ता डोंगराच्या जवळपर्यंत आणून ठेवला होता. आपल्या जवानांपैकीं कित्येकांच्या अंगावर ऑक्टोबरच्या थंडींत सुती कपडे, पायांत किरमिजाचे बूट, पांघरायला एखादें कांबळें, आणि हातांत जुन्या घाटाची, दर गोळीला खीळ ओढावी लागणारी बंदूक. मंडळी, आपण थंडींत शेतावर राखणीला जातों तेव्हां सुद्धां घोंगडी घेऊन जातों!

दळवींनीं ही सारी अडचण वर कळविली होती. त्यांच्याही आधीं एका मराठी सेनापतीनें ती कळविली होती, हें आपल्यापैकीं थोड्यांनाच ठाऊक असेल. कोल्हापूरकडच्या वडगांवचे लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात हे १९५७ ते १९६१ पर्यंत पूर्वेकडच्या फौजेचे प्रमुख होते. त्यांनीं १९५९ सालींच लिहून दिलें कीं अगदीं सीमेच्या कड्यावर मोठी लढाई देऊं नका. तेथें नुसतीं टेहळणीचीं ठाणीं ठेवा आणि खरी फळी मागें, जेथें आपला रस्ता पोंचतो तेथें उभारा. म्हणजे शत्रूचा पुरवठा लांबेल आणि आपला आंखूड राहील. १९६० च्या मार्चांत त्यांनीं ‘लाल किल्ला’ नांवाची नकाशावरची कवाईत घेऊन तेंच पुन्हां दाखविलें. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनीं तें मनावर घेतलें नाहीं. चीन आपल्यावर हत्यार उचलणारच नाहीं, असें वरच्यांनीं धरूनच ठेवलें होतें.

२० ऑक्टोबर १९६२ रोजीं पहाटे चिनी तोफा सुरू झाल्या आणि नामका चूवरची ब्रिगेड एका दिवसांत मोडली. दळवी स्वतः कैद झाले. महिनाभरानें चीननें आपण होऊन लढाई थांबविली, तोंवर सुमारें चौदाशें जवान पडले, चार हजारांच्या आसपास कैद झाले, आणि बेपत्त्यांची यादी वेगळीच. लडाखांत रेझांग ला येथें मेजर शैतानसिंग यांच्या हाताखालीं हरियाणाकडचे अहीर, म्हणजे गाईम्हशी व शेती राखणाऱ्यांचीं मुलें, १८ नोव्हेंबरला शेवटच्या गोळीपर्यंत लढलीं. सुमारें एकशेंवीस जणांपैकीं एकशेंचौदा तेथेंच पडले. पुढें बर्फ वितळल्यावर त्यांचीं प्रेतें मोर्च्यांतच, हातांत बंदुका तशाच, अशीं सांपडलीं. येथेंही आम्ही तेंच विचारतों. शौर्य कमी पडलें काय? नाहीं. मग कोणाची उणीव कोणीं रक्तानें भरून काढली?

मेनन गेले आणि त्यांच्या जागीं देवराष्ट्र्याच्या शेतकरी घरांतले यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. त्यांच्या कारकीर्दींत डोंगरांत लढण्यासाठीं वेगळ्या पलटणी उभ्या राहिल्या, शस्त्रें बदललीं, फौजेची संख्या वाढली. पराभवाची चौकशीही झाली. हेंडरसन ब्रुक्स व ब्रिगेडियर भगत यांनीं अहवाल लिहिला. तो मात्र दशकेंच्या दशकें कुलपांत राहिला. ज्या आईचा मुलगा परत आला नाहीं, तिला तो कां आला नाहीं हें जाणण्याचा हक्क नाहीं काय? शत्रूला उपयोगी पडेल तें झांकावें, हें आम्हांलाही मान्य आहे. पण आपली चूक झांकण्याला संरक्षण म्हणत नाहींत.

बंदुकीवांचून जशी फौज लंगडी, तसा धान्यावांचून देश लंगडा. १९६५ सालीं पाकिस्तानशीं युद्ध झालें तेव्हां आपण अमेरिकेच्या गव्हावर जगत होतों. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनीं जवान आणि किसान यांचा जयजयकार एका दमांत केला तो उगाच नव्हे. त्यांनीं लोकांना आठवड्यांतून एक वेळचें जेवण सोडायला सांगितलें होतें. त्यांत लागोपाठ दोन वर्षें पाऊस फसला. १९६६ सालीं सुमारें एक कोटि टन धान्य बाहेरून आणावें लागलें, आणि अमेरिका तें महिन्यांच्या हिशेबानें, आपलें राजकारण पाहून सोडूं लागली. दुसऱ्याच्या हातीं आपल्या कणगीची किल्ली असली म्हणजे आपल्या तोंडालाही तोच कुलूप घालतो. ही किल्ली परत आणली ती शेतकऱ्यानें. नवीन बियाणें, खत, पाणी आणि रास्त भावाची हमी मिळतांच गव्हाचें पीक १९६४-६५ च्या सव्वा कोटि टनांवरून १९६७-६८ सालीं एक कोटि पासष्ट लाख टनांच्या घरांत गेलें. शेतकऱ्याच्या मालाला भाव देणें म्हणजे भीक घालणें असें समजणाऱ्यांनीं हा हिशेब एकदां मांडून पाहावा.

एवढें ऐकून कोणी म्हणेल, मास्तर, सगळे पराभवच सांगतां. कोठें शहाणपण झालेंच नाहीं काय? झालें, आणि त्याचें फळही मिळालें. १९७१ च्या एप्रिलांत पूर्व बंगालांत फौज घालावी असा विचार निघाला, तेव्हां सेनापति माणेकशा यांनीं पंतप्रधान इंदिरा गांधींना तोंडावर सांगितलें कीं आज आपली तयारी नाहीं. त्यांनीं पुढें स्वतः सांगितलेलीं कारणें ऐका: पावसाळ्यांत बंगालच्या नद्या समुद्र होतात, हिमालयांतल्या खिंडी उघड्या असल्यानें चीन उतरूं शकतो, आणि कापणीच्या दिवसांत सगळ्या आगगाड्या फौजेनें अडविल्या तर धान्य हलणार नाहीं, लोक उपाशीं मरतील. सेनापति कापणीचा विचार करतो! महाराजांच्या त्या पत्राची आठवण होते कीं नाहीं? पंतप्रधानांनीं तें ऐकलें. आठ महिने रस्ते, दाणागोटा, दारूगोळा यांची जमवाजमव झाली. डिसेंबरांत लढाई पेटली आणि तेरा दिवसांत, १६ डिसेंबर १९७१ रोजीं, ढाक्यांत शत्रूनें शस्त्रें खालीं ठेवलीं. सुमारें ९३,००० लोक कैद झाले. तेथील रयत आपल्या बाजूची होती. होड्या दिल्या, वाटा दाखविल्या, बातम्या दिल्या. जेवलेला शिपाई, खरें बोलणारा सेनापति, ऐकणारा राज्यकर्ता आणि राजी असलेली रयत, हीं चार जुळलीं म्हणजे काय होतें तें पाहा.

बातमीचा एक शेवटचा दाखला. १९९९ च्या मे महिन्यांत कारगिलच्या डोंगरांत शत्रू शिरल्याची पहिली खबर ज्यांनीं दिली त्यांत ताशी नामग्याल नांवाचा एक मेंढपाळ होता. हरवलेला याक शोधीत असतां त्याला वर परकीं माणसें दिसलीं आणि त्यानें तें जवळच्या लष्करी ठाण्यावर सांगितलें. मोठमोठ्या खात्यांच्या नजरेला जें चुकलें तें धनगराच्या नजरेला दिसलें. त्या लढाईच्या चौकशीचा अहवाल कांहीं भाग वगळून लोकांपुढें आला, ही चांगली गोष्ट झाली. अशीच रीत पडली पाहिजे.

तर मंडळी, सार थोडक्यांत सांगतों. फौज पोटावर चालते; म्हणून शेत बुडवून देश राखतां येत नाहीं. फौज पायावर चालते; म्हणून चांभाराचा टांका, विणकराचें कांबळें आणि लोहाराचें पोलाद यांना हलकें लेखणारा समाज लढाईच्या दिवशीं उघडा पडतो. फौज बातमीवर चालते. म्हणून खरें सांगणाऱ्याचें तोंड दाबणारा अधिकारी शत्रूचें काम फुकट करतो. आणि फौज रयतेच्या मनावर चालते. म्हणून सरहद्दीवरच्या गांवांना परकें मानणें हें आपलाच उतार मोकळा सोडण्यासारखें आहे.

आपण काय करावें? बंदूक घेऊन धांवा, असें आमचें म्हणणें नाहीं. आमचें मागणें साधें आहे. मुलाबरोबर मुलीलाही नकाशा वाचायला शिकवा. ब्रह्मपुत्रा कोठें आणि लडाख कोठें हें घरांत सगळ्यांना माहीत असूं द्या. मत मागायला येणाऱ्याला विचारा कीं संरक्षणावर एवढा पैसा खर्च होतो, त्यांतून जवानाच्या अंगावर, पायांत आणि ताटांत काय पडतें. आणि लढाई झाली तर चौकशी होऊन तिचा अहवाल आम्हांला वाचायला मिळेल काय. कोणी व्यासपीठावरून उद्यांच युद्ध करा अशी गर्जना केली, तर टाळी वाजविण्याआधीं आजचे चार प्रश्न त्याला घाला. उत्तर देतां आलें तर तो देशाचा मित्र. नाहीं आलें तर समजा कीं तो आपल्या मुलांच्या जिवावर स्वतःची मिशी पिळतो आहे.

मरणाला आम्ही भीत नाहीं, हें पानिपतनें आणि रेझांग लानें दाखविलेंच आहे. परंतु दुसऱ्याच्या गाफिलपणानें आपल्या मुलानें उपाशीं पोटीं मरावें, हें यापुढें मुकाट्यानें सोसायचें नाहीं, एवढा निश्चय आपण येथून घेऊन जाऊं.